पानगळ बघायला चला!

मैत्रिणींनो, मुंबईला ऋतू तीनच, असे आपण नेहमी म्हणतो. उन्हाळा, पावसाळा आणि 'आज जरा बरं वाटतंय'! थंडी म्हणजे काय, तर शाल कपाटातून काढायची, झटकून उन्हात टाकायची आणि घडी करून पुन्हा कपाटात ठेवायची. तेव्हा पानगळ ही परदेशची गोष्ट असे आपण धरूनच चालतो. ऑक्टोबर उजाडला की कुणाची बहीण न्यू जर्सीहून, कुणाचा भाचा बॉस्टनहून फोनवर फोटो धाडतो. लालभडक, नारिंगी, पिवळीजर्द मेपलची झाडे आणि त्यांच्याखाली लोकरी टोप्या घातलेली आपली माणसे. आपण 'वा, छान!' असे उत्तर टाकतो आणि फोडणी करपायच्या आत गॅसकडे वळतो.

मी एका शाळेत आठवड्यातून तीन दिवस मराठी शिकवते. तिथे दर ऑक्टोबरात वर्गातल्या बोर्डावर घोटीव कागदाची लाल-पिवळी पाने लागतात. कातरलेल्या कडांची, मेपलची. खिडकीबाहेर बदामाचे झाड मात्र हिरवेगार उभे असते. एका मुलाने विचारले, "टीचर, ही पानं आपल्याकडे कधी पडतात?" मी म्हटले, "जानेवारीत दाखवते." जानेवारीत सगळ्या वर्गाला खिडकीशी नेले. बदामाची निम्मी पाने अशी काही पेटली होती की मुले ओरडलीच. रोज त्याच झाडाखाली डबा खाणारी मुले ही! त्यांचे तरी काय चुकले? आपण मोठी माणसे तरी कुठे मान वर करून बघतो?

खरा घोटाळा शब्दाचा आहे, बरं का. 'ऑटम' म्हटले की आपण 'शरद' असे भाषांतर करून मोकळे होतो. पण आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस नुकताच सरलेला, आभाळ धुतलेले, कोजागरीचे चांदणे आणि झाडे पानापानाने भरलेली. त्या दिवसांत पान गळायचे नाव नाही. मग हेमंत येतो, मार्गशीर्ष-पौषाचा. आणि मग माघ-फाल्गुनाचा शिशिर. आपली पानगळ शिशिराची. म्हणजे साहेबाच्या देशात पानगळ होऊन गेल्यावर, झाडे पार उघडी झाल्यावर आपल्याकडे सुरुवात होते, आणि ती चैत्राच्या पालवीला जाऊन भिडते. एका फांदीवर जुने पान लाल होऊन लटकते आहे आणि शेजारच्या फांदीवर कोवळी पालवी फुटते आहे, हे दृश्य बॉस्टनच्या भाच्याला दिसायचे नाही!

कारणही वेगळे आहे. तिकडची झाडे थंडीच्या धाकाने पाने टाकतात, आपली तहानेच्या. मुंबईचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पुढचे आठ महिने झाडाने काय करायचे? पानाला बारीक बारीक छिद्रे असतात, त्यांतून पाणी सतत वाफ होऊन जात असते. घरातली मिळकत थांबली की आपण आधी वरचे खर्च आवरतो, तसेच झाडही करते. मात्र पान असेच उधळून टाकत नाही हं! टाकण्याआधी त्यातले कामाचे सगळे काढून घेते. जुनी पैठणी मोडीत द्यायच्या आधी आपण जरीचे काठ उसवून ठेवतो ना, तसे. मग हिरवा रंग मोडतो आणि त्याच्याखाली मुळातच असलेला पिवळा उघडा पडतो. लाल रंगाची गोष्ट निराळी. तो आधी नसतोच, पान जायच्या वेळी झाड तो नव्याने तयार करते. देठाच्या बुडाशी एक पडदा धरतो, आणि मग वाऱ्याच्या झुळकीचे निमित्त पुरते.

या लाल रंगात आपल्याकडे बदामाचा हात धरणारा कोणी नाही. हा खिरीत घालायचा बदाम नव्हे, देशी बदाम. मजल्यामजल्याने आडव्या फांद्या फुटलेले, पसरट पानांचे झाड. चाळीच्या मागच्या अंगणात, शाळेच्या कुंपणाशी, चौपाटीच्या बाजूला, कुठेही दिसते. लहानपणी गिरगावात आम्ही त्याची फळे दगडाने फोडून आतली इवलीशी बी खायचो आणि फ्रॉकला पडलेल्या डागांबद्दल मार खायचो. डिसेंबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत त्याची पाने आधी पिवळट, मग तांबूस, मग डाळिंबी होतात. एकदम नाही, एकेक. हळदीकुंकवाला निघालेल्या बायका जशा एकेक करून जिन्यात जमतात, तशी.

या बदामाने आमच्या घरात एक गोष्ट घडवली, ती सांगायलाच हवी.

माझे सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, गिरणीत साचेखात्यात बदली कामगार होते. लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला आणि आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर राहायला गेलो. त्यानंतर वर्षभरात सासूबाई गेल्या. तेव्हापासून आप्पा खाली उतरेनासे झाले. चाळीत असताना गॅलरीत उभे राहिले तरी दहा माणसे भेटायची. इथे दार लावले की आपण आणि पंखा! डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला, नाहीतर गुडघे धरतील. ह्यांनी बूट आणून दिले. ते खोक्यातच राहिले. मी कधी विषय काढला की आप्पांचे एकच, "बिनकामाचा माणूस फिरतो. आम्ही पाळीला जायचो, फिरायला नाही." आठ महिने हे असे चालले. शेवटी शेवटी तर ते जेवतानाही बोलेनासे झाले. घरात माणूस आहे आणि नाही, हे काय असते ते ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांना सांगायला नको.

जानेवारीत एक दिवस शाळेतून येताना मी मुलांना दाखवायला घेतलेली बदामाची तीन-चार पाने पर्समध्ये तशीच राहिली होती. भाजी निवडताना ती मी टेबलावर काढून ठेवली. आप्पांनी एक उचलले, उलटसुलट केले आणि म्हणाले, "आमच्या गेटवर होतं हे."

मग ते बोलत राहिले. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, हे तुम्हांआम्हांला पुस्तकातून माहीत. आप्पा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. गेटसमोर बदामाचे झाड होते आणि ते नेमके त्या दिवसांत लाल होऊन गळत होते. सकाळी जाऊन सगळे त्याच्याखाली बसायचे. पँट मळू नये म्हणून खाली मोठाली पाने अंथरायचे. कोणीतरी पैज मारली होती, झाडाची पाने गळून व्हायच्या आत संप मिटतो. "गळून झाली, नवी आली, पुढच्या जानेवारीत परत गळाली," आप्पा म्हणाले. "नंतर आम्ही मोजायचं सोडलं." तो संप मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केलेच नाही. आप्पांची गिरणीही पुढे बंद झाली आणि त्यांनी एका गोदामात हमालीपासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आप्पा दारात उभे. पायात ते नवे बूट. मला म्हणाले, "सूनबाई, ते झाड आहे का बघून येऊ." फिरायला म्हणून नाही, हं! काम निघाले म्हणून. आम्ही हळूहळू चालत गेलो. गिरणीच्या जागी आता काचांची इमारत आहे. गेट नाही आणि झाडही नाही. मला वाटले, आता हे परत घरात जाऊन बसणार. आप्पा जरा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "पुढे कुठे असेल. बदाम काय एकच असतो?"

त्या दिवसापासून त्यांचे हे काम सुरू झाले. लालबाग-परळ-चिंचपोकळीच्या गल्ल्यांतले बदाम मोजायचे. घरी आले की भिंतीवरच्या 'कालनिर्णय'मध्ये त्या दिवसाच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहायचे, 'बदाम ४, लाल २.' पाळी भरल्याची नोंद करावी तशी. महिनाभरात गुडघ्याची कुरकुर कमी झाली. आणि चहा पिताना ते मला सांगू लागले, कुठल्या गल्लीत कोण भेटले, कोणाचा मुलगा कुठे लागला. मैत्रिणींनो, बागेत चाला म्हणजे तब्येत सुधारते हे सगळेच सांगतात. पण काही माणसांना नुसते 'चाला' म्हणून चालवत नाही. त्यांना काहीतरी बघायला, मोजायला द्यावे लागते. तुमच्या घरी असे कोणी खिडकीशी बसून असेल, तर हा उपाय जरूर करून बघा.

आप्पांना पहिल्यांदा राणीच्या बागेत नेले तेव्हा मीही तिथे दहा वर्षांनी जात होते. लालबागहून आंबेडकर रस्त्याने सरळ भायखळ्याकडे निघायचे, एका बसचा प्रवास. ही बाग १८६२ मध्ये खुली झाली. व्हिक्टोरिया राणीचे नाव होते म्हणून 'राणीची बाग'. आता तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. राणी बदलली, पण बाग राणीचीच राहिली, हे मला फार आवडते! आज जो तो पेंग्विन बघायला धावतो. २०१६ मध्ये ते आले तेव्हापासून मुलांना दुसरे काही सुचत नाही. जरूर बघा, पण त्या रांगेत उभे असताना डोक्यावर काय आहे तेही बघा. तीन हजारांवर झाडे आहेत इथे, अडीचशेच्या वर जातींची. साधारण २००७ पासून बागेच्या नूतनीकरणाचे मोठे आराखडे निघाले, तेव्हा या झाडांसाठी ज्यांनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, सह्या गोळा केल्या, त्यांत पुढे बायकाच होत्या. त्यांना मनातल्या मनात नमस्कार करूनच मी आत शिरते.

शिशिरात इथे गोरखचिंच बघायची. आफ्रिकेतून आलेले हे झाड. खोड रांजणासारखे फुगलेले आणि वर एक पान नाही. आप्पा म्हणाले, "हे मुळं वर करून लावलंय की काय?" त्यांना कोण सांगणार, की अगदी हीच कल्पना आफ्रिकेतल्या लोककथांत आहे! त्याच दिवसांत उर्वशी फुललेली सापडली तर तुमचे भाग्य. ब्रह्मदेशचे हे झाड. त्याची लाल फुलांची झुंबरे तर प्रसिद्धच आहेत, पण मला आवडते ती त्याची नवी पाने. मऊ, तांबूस, पिळून वाळत घातलेल्या रुमालांसारखी खाली लोंबत असतात. नुकतीच फुटली आहेत असे वाटतच नाही, सुकत चालली आहेत असेच वाटते. सीतेच्या अशोकाचेही तसेच. कोवळ्या पानांत लाल रंग असतो तो उन्हापासून आणि किड्यांपासून त्यांना जपतो, असे जाणकार सांगतात. म्हणजे झाडे लाल रंग वापरतात तो जातानाही आणि येतानाही. बाग बुधवारी बंद असते, एवढे लक्षात ठेवा, नाहीतर दारावरून परत!

दादरच्या मैत्रिणींना शिवाजी पार्क सांगायला नको. १९२५ मध्ये 'माहीम पार्क' म्हणून खुले झाले आणि दोन वर्षांनी त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. कट्ट्याची फेरी सव्वा किलोमीटरला थोडी कमी, म्हणजे तीन फेऱ्यांत डॉक्टरांची आज्ञा पाळून होते. इथे बदामाची नव्हे, तर पर्जन्यवृक्षांची मजा. छत्रीसारखी पसरलेली ही झाडे मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. संध्याकाळ झाली की त्यांची पाने हात जोडल्यासारखी मिटतात. कधी साडेसहाच्या सुमारास मुद्दाम थांबून बघा, मुलांना तर जादूच वाटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची बारीक पाने अशी झडतात की कट्ट्यावर पिवळी वाळू पसरल्यासारखी दिसते, केसांत अडकते, वाऱ्याने गोल गोल फिरते. आठ-पंधरा दिवसांत कोवळी पालवी आणि मागोमाग गुलाबी तुरे. गेल्या काही वर्षांत मुंबईतले कितीतरी पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाच्या किडीने वाळून गेले. एखाद्या झाडावर पालवीच्या दिवसांतही काहीच फुटले नाही, फांद्यांवर कापसासारखे पांढरे दिसले, तर महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. तुम्ही रोज बघता, म्हणून तुमच्याच लक्षात येणार.

पानगळीचा आवाज ऐकायचा असेल तर सातच्या आत यावे. नंतर झाडलोट होऊन जाते. एकदा मी आणि आप्पा पानांतून मुद्दाम पाय ओढत चाललो होतो, तर झाडणाऱ्या बाई हातातला खराटा टेकवून म्हणाल्या, "तुमची हौस होते ताई, माझ्या दोन गोण्या वाढतात." खरेच होते. आम्हांला जो शिशिर, तो त्यांना कंबरदुखीचा हंगाम. आप्पांनी त्यांना विचारले, दिवसाला किती गोण्या भरतात, कुठे नेतात, मुकादम कोण. कामगार माणूस तो, त्याला झाडापेक्षा हे जास्त कळते! तेव्हापासून आम्ही पाने पायाने विस्कटत नाही. कडेने चालतो.

पाच उद्याने मला सगळ्यांत निवांत वाटतात. दादर-माटुंग्याची ही आखणी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या काळातली. पारशी कॉलनी उभी करणाऱ्या मंचरजी जोशींचे नाव या उद्यानांना आहे. तिथल्या काही रस्त्यांना दुतर्फा एकाच जातीची झाडे लावली, त्यामुळे त्या त्या गल्लीचा स्वतःचा ऋतू असतो. महोगनीच्या गल्लीत फेब्रुवारीत गेलात तर वरून तपकिरी पंख गिरक्या घेत खाली येताना दिसतील. ते बी आहे. लाकडी फळ तडकते आणि पंखवाले बी भिरभिरत उतरते. माझ्या लेकीने एकदा खिसाभर गोळा करून घरी एकोणिसाव्या मजल्यावरून सोडायचा घाट घातला होता. वेळीच पकडली!

गिरगावकर मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे कुठल्या बागा? खरे आहे. आमच्या गिरगावात झाडे उरली ती नावांत. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी. तशी चिंचपोकळीत चिंच आहे आणि वडाळ्यात वड! पण वाळकेश्वरची टेकडी तुमच्या उशाशी आहे. कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट दाखवायला मुलांना नेतोच आपण. त्याच टेकडीच्या उतारावर झाडीतून जाणारा लाकडी पूल २०२५ च्या मार्चअखेर खुला झाला आहे, ४८५ मीटर लांबीचा. पाने खालून बघायची आपल्याला सवय. इथे तुम्ही शेंड्यांच्या उंचीवरून चालता आणि पान गळून खाली जाताना दिसते, ही गंमत वेगळी. समोरच्या फिरोजशहा मेहता उद्यानात, म्हणजे आपल्या हँगिंग गार्डनमध्ये, पानगळ फारशी नाही. ती बाग पाण्याच्या टाकीच्या छतावर आहे, तिथे खोल मुळांची मोठी झाडे कशी लावणार? कातरलेले हत्ती-जिराफ बघा आणि पुढे चला.

एक जागा मात्र मुद्दाम वाकडी वाट करून बघण्यासारखी आहे. माहीमच्या खाडीजवळ, धारावीला लागून असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान. तिथे पूर्वी शहराचा कचरा टाकत असत. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हातून तिथे झाडे लावायला सुरुवात झाली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांना खुले झाले. सदतीस एकर जंगल आहे आता. कचऱ्याच्या ढिगावर माती कुठून आली? सुरुवातीची माणसाने आणून घातलेली सोडली, तर पुढची या पानांनीच केली. दरवर्षी पाने पडली, कुजली, खाली गांडुळे झाली, वर पाखरे आली. तिथे पाने झाडून नेत नाहीत. पायवाट सोडून पाऊल टाकले तर पाय मऊ थरात रुततो.

म्हणूनच कुणी पाने जाळताना दिसले की माझा जीव तुटतो. एका इमारतीच्या आवारात रोज सकाळी ढीग पेटवलेला बघते मी, आणि वरच्या मजल्यावर दम्याचा पेशंट! उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये त्यासाठी पाच हजार रुपयांचा दंडही ठरवून दिला आहे. पण दंडाची भीती घालण्यापेक्षा पाने कशी वापरायची ते दाखवलेले बरे. रंगाचा रिकामा डबा घ्या, बुडाला आणि बाजूंना भोके पाडा, तळाशी नारळाच्या शेंड्या पसरा. वर दोन ओंजळी चुरडलेली कोरडी पाने, एक ओंजळ भाजीची साले, पुन्हा पाने. चार चमचे आंबट ताक शिंपडा. आठवड्यातून एकदा खालवर करा. वास आला तर समजा ओले जास्त झाले, आणखी पाने घाला. अडीच-तीन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे खत होते. बदामाचे पान जाड आणि हट्टी, ते आधी चांगले चुरडून घ्यायचे, नाहीतर चार महिने झाले तरी तसेच तुमच्याकडे बघत बसते. घरी माशांची टाकी असेल तर मात्र बदामाचे एखादे वाळलेले पान स्वच्छ धुऊन पाण्यात सोडतात. पाणी चहासारखे तांबूस होते, पण काही जातींच्या माशांना ते मानवते.

इतके सगळे लिहिते आहे, पण खरी अडचण मला ठाऊक आहे. वेळ! आणि वेळेपेक्षाही एक प्रश्न. 'कुठे निघालीस?' बाईमाणूस दूध आणायला निघाली, मुलांना सोडायला निघाली, देवळात निघाली, तर कोणी काही विचारत नाही. पाने बघायला निघाले म्हणा बघू! माझ्या शेजारच्या काकूंनी तर स्पष्टच विचारले होते, "काही भांडणबिंडण झालंय का घरात?" कितीतरी दिवस मी हातात भाजीची पिशवी घेऊन निघत असे. पिशवी असली की बाई कामाला निघालेली दिसते. जपानात लाल पाने बघायला घरदार मिळून बाहेर पडण्याची जुनी चाल आहे. तिला 'मोमिजिगारी' म्हणतात, म्हणजे लाल पानांची शिकार. तिकडे त्याला नाव आहे, म्हणून ते कारण ठरते. आपल्याकडे वसंतातल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला नाव आहे, वटपौर्णिमेला वडाकडे जायला नाव आहे. माघातल्या बदामाला मात्र कुणी व्रत जोडून दिले नाही! परवापरवापर्यंत आप्पा हे माझे निमित्त होते. आता आप्पा एकटेच जातात, आणि मीही अधूनमधून एकटी जाते. पिशवी घरी ठेवून.

वाचायची आवड असेल तर दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' हाताशी ठेवा. १९५६ चे हे पुस्तक महिन्यामहिन्याने आपले ऋतू दाखवते. त्या त्या महिन्याचे प्रकरण त्या त्या महिन्यातच वाचायचे, घाई करायची नाही. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात काम केलेल्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांची 'हिरवाई', 'फुलवा' ही पुस्तकेही तशीच. दिवसभर रुग्णालय आणि औषधशास्त्र सांभाळून त्यांनी झाडांवर लिहिले, हे आठवले की 'मला वेळ नाही' म्हणताना जरा जीभ अडखळते.

आणि हो, झाडावर महापालिकेची नोटीस चिकटवलेली दिसली, तर ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. १९७५ च्या कायद्याने परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही आणि तुम्हांआम्हांला हरकत नोंदवता येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्ष मानले आहे. जुन्या चाळी पाडल्या जात आहेत तिथे अशी झाडे पुष्कळ आहेत. बुंध्याभोवती सिमेंट ओतलेले दिसले तर सोसायटीच्या सभेत तो विषय जरूर काढा. निदान हातभर माती मोकळी ठेवायला सांगा.

आता पिंपळाच्या पानाची जाळी कशी करायची, हे दोघीतिघींनी पत्राने विचारले आहे. गळलेले पण न फाटलेले जून पान घ्या. पसरट भांड्यात पाण्यात बुडवून वर एखादी बशी ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. वास येतो, तेव्हा भांडे खिडकीबाहेरच बरे! तीन आठवड्यांच्या आसपास पानाचा गर सुटू लागतो. मग पान तळहातावर धरून जुन्या, मऊ झालेल्या टूथब्रशने नळाच्या बारीक धारेखाली देठाकडून टोकाकडे हळूच घासायचे. गडबड केलीत तर जाळी फाटते. टिपकागदावर निथळवून जाड पुस्तकात आठ दिवस दाबून ठेवा. बदामाचे लाल पान मात्र पाण्यात घालू नका, रंग जातो. ते वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवायची आणि मग दाबायचे. आमच्या आप्पांच्या 'कालनिर्णय'मध्ये जानेवारीच्या पानामागे असे एक दाबलेले आहे. फेब्रुवारी उलटला तरी त्याचा रंग तसाच आहे.